एफ. ए. यूथ कप, १९५२–५३

इंग्लंडमधील अठरा वर्षांखालील फुटबॉलपटूंच्या राष्ट्रीय चषक स्पर्धेचा पहिला हंगाम. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफ. ए.) क्लबांच्या कुमार संघांसाठी ही स्पर्धा १९५२ मध्ये सुरू केली. मे १९५३ मध्ये झालेल्या पहिल्या अंतिम लढतीत मँचेस्टर युनायटेड या संघाने वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स (वुल्व्ज) या संघाचा दोन सामन्यांत मिळून ९–३ असा पराभव केला. स्पर्धा बाद पद्धतीची असून उपांत्य व अंतिम फेरीतील लढत प्रत्येक संघाच्या घरच्या मैदानावर एक अशा दोन सामन्यांची असे. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरविण्यात येई. क्लबांच्या कुमार संघांचे एरवीचे सामने स्थानिक व प्रादेशिक साखळी स्पर्धांतून होत. देशातील कुमार संघ परस्परांशी प्रथमच भिडले, ते या चषकाच्या निमित्ताने. त्यामुळे इंग्लंडमधील कुमार फुटबॉलच्या राष्ट्रीय स्वरूपाच्या स्पर्धांचा इतिहास साधारणपणे या हंगामापासून सांगण्याची प्रथा आहे.

खेळाच्या दृष्टीने या हंगामाचे महत्त्व केवळ विजेत्या संघामुळे नाही. तयार खेळाडू विकत घ्यावा की घरीच घडवावा, हा इंग्लिश क्लबांपुढील जुना प्रश्न होता. दुसरा पर्याय व्यवहार्य आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांना आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी या स्पर्धेने एक जाहीर रंगमंच मिळवून दिला.

पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये शालेय फुटबॉलची संघटना विसाव्या शतकाच्या आरंभापासून कार्यरत होती. शाळांच्या राष्ट्रीय संघाचे सामने वेम्ब्लीसारख्या मैदानावर मोठ्या प्रेक्षकसमुदायापुढे होत. तथापि सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा १९४७ पासून पंधरा वर्षे होती आणि कामगारवर्गातील बहुसंख्य मुले त्या वयात शाळा सोडून गिरणीत, खाणीत अथवा कारखान्यात कामाला लागत. व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून करार करण्यास सतरावे वर्ष पूर्ण व्हावे लागे. अठराव्या वर्षी सक्तीची लष्करी सेवा पुढे उभी असे. शाळा सुटल्यापासून प्रौढांच्या संघात स्थान मिळेपर्यंतच्या या दोनतीन वर्षांत अनेक होतकरू मुले खेळापासून दुरावत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ मध्ये, असोसिएशनने परगण्यांच्या (काउंटींच्या) कुमार संघांसाठी एक स्पर्धा सुरू केली होती. तिच्यात हजारो मुले खेळली, परंतु प्रेक्षकांचा प्रतिसाद बेताचाच राहिला. परगणा ही शासकीय सोय होती, तर लोकांचा जीव गुंतलेला होता तो आपापल्या गावच्या क्लबात. १९५१ च्या सुमारास ही गोष्ट संघटकांच्या ध्यानी आली व स्पर्धा क्लबांच्या पायावर उभारण्याचे ठरले. बार्न्झली क्लबशी संबंधित असलेले व पुढे फुटबॉल लीगचे अध्यक्ष झालेले जो रिचर्ड्‌स यांचे नाव या कल्पनेशी निगडित आहे.

आर्थिक कारणेही होती. १९५१ मध्ये जॅकी सूएल या खेळाडूच्या हस्तांतरासाठी शेफील्ड वेन्झडे क्लबने नॉट्स काउंटीला ३४,५०० पौंड दिले. तो त्या काळचा उच्चांक होता. याउलट खेळाडूला मिळणाऱ्या आठवड्याच्या वेतनावर कमाल मर्यादा होती आणि ती १९६१ पर्यंत टिकली. १९५२–५३ मध्ये ही मर्यादा १४ पौंड होती. अर्थात, तयार खेळाडू मिळविताना खरा खर्च होई तो पूर्वीच्या क्लबला द्यावयाच्या रकमेचा. पंधरा वर्षांचा मुलगा शाळेतूनच क्लबकडे आला, तर हा खर्च पूर्णपणे वाचे. अशा मुलाला क्लबच्या मैदानावरील नोकरवर्गात (ग्राउंड स्टाफ) घेण्यात येई. तो वरिष्ठ खेळाडूंचे बूट घासे, प्रेक्षकांच्या पायऱ्या झाडी, मैदानावर रोलर फिरवी आणि उरलेल्या वेळात सराव करी. काही मुले दिवसा अन्यत्र एखादा धंदा शिकत व संध्याकाळी सरावास येत. डंकन एडवर्ड्‌ससारख्या असामान्य गुणाच्या मुलानेही सुतारकामाची उमेदवारी पत्करली होती, यावरून फुटबॉलवर सर्वस्वी विसंबून राहणे त्या काळच्या कुटुंबांना किती धोक्याचे वाटे, याची कल्पना येते.

मँचेस्टर युनायटेडची पूर्वतयारी : या क्लबने नव्या स्पर्धेत पहिल्याच वर्षी जी आघाडी घेतली, तिच्यामागे सु. पंधरा वर्षांची तयारी होती. अध्यक्ष जेम्स गिब्सन व चिटणीस वॉल्टर क्रिकमर यांनी १९३८ मध्ये ‘मँचेस्टर युनायटेड ज्युनिअर अॅथ्लेटिक क्लब’ ही कुमारांची शाखा स्थापन केली होती. त्या काळी क्लब कर्जात होता आणि स्थानिक मुलांतूनच संघ उभारावा, ही गिब्सन यांची इच्छा काही अंशी नाइलाजातूनही निर्माण झाली असावी. मॅट बझ्बी (१९०९–९४) हे १९४५ मध्ये व्यवस्थापक म्हणून आले. त्यांनी जिमी मर्फी (१९१०–८९) यांना साहाय्यक म्हणून घेतले. बझ्बी यांच्या वरिष्ठ संघाने १९५२ मध्ये लीगचे अजिंक्यपद मिळविले, परंतु त्यातील अनेक खेळाडू तिशीच्या पुढचे होते व युद्धाने त्यांच्या उमेदीची वर्षे हिरावून नेली होती. पुढील हंगामाच्या प्रारंभी संघाची घसरगुंडी झाली आणि वर्षअखेर तो आठव्या क्रमांकावर राहिला. बझ्बी यांनी या संघाची डागडुजी करण्याऐवजी हळूहळू नवा संघ उभारण्याचा निर्णय घेतला.

मुले हेरण्याचे काम जो आर्मस्ट्राँग हे मुख्य स्काउट पाहत. बर्ट व्हॅली हे प्रशिक्षक होते. मर्फी यांचा दरारा मोठा होता. वेल्समधील खाणकामगारांच्या मुलखातून आलेला हा मनुष्य मुलांकडून एकच गोष्ट शेकडो वेळा करून घेई आणि सामना जिंकल्यावरही चुकांचा पाढा वाची, असे त्याच्या हाताखाली खेळलेल्यांनी पुढे सांगितले आहे. बझ्बी यांचा लौकिक जगभर पसरला, पण कुमार संघ घडविण्याचे श्रेय मर्फी यांच्याकडे अधिक जाते, हे नमूद केले पाहिजे.

घराबाहेरून आणलेल्या मुलांची राहण्याची व्यवस्था क्लबने पसंत केलेल्या घरमालकिणींकडे असे. मुलगा आपल्याकडे यावा म्हणून त्याच्या आईवडिलांचा विश्वास संपादन करणे, हा या साऱ्या व्यवहाराचा गाभा होता. डंकन एडवर्ड्‌स (१९३६–५८) हा डडली या गावचा. तेथून वुल्व्ज क्लबचे मोलिन्यू मैदान सु. दहा किमी.वर आहे. वुल्व्जचे व्यवस्थापक स्टॅन कलिस हेही कुमारांना घडविण्याच्या मताचेच होते. यॉर्कशरमधील खाणींच्या परिसरात वाथ वाँडरर्स नावाचा त्यांचा एक पोषक संघ होता. असे असूनही १९५२ च्या जूनमध्ये एडवर्ड्‌सने हौशी खेळाडू म्हणून नाव नोंदविले, ते मँचेस्टर युनायटेडकडे. अंगणातला मुलगा दूरच्या क्लबने नेल्याचे शल्य वुल्व्जला दीर्घकाळ राहिले. पहिल्या अंतिम लढतीत हेच दोन क्लब समोरासमोर यावेत, हा योगायोग होता. मात्र त्यामागील स्पर्धा योगायोगाची नव्हती.

हंगाम : स्पर्धेत मोठ्या व्यावसायिक क्लबांबरोबर लहानसहान गावांच्या क्लबांनाही प्रवेश होता. त्यामुळे प्रारंभीच्या फेऱ्यांत विषम बळाच्या संघांची गाठ पडे. चेशर परगण्यातील नँटविच या छोट्या गावचा संघ नोव्हेंबर १९५२ मध्ये युनायटेडशी त्यांच्या क्लिफ या सरावाच्या मैदानावर खेळला व २३–० असा हरला. हा आकडा त्या क्लबच्या इतिहासात आजही कौतुकाने सांगितला जातो. परंतु त्यावरून मुलांच्या गुणवत्तेचे मोजमाप करणे योग्य ठरणार नाही. नँटविचची मुले आठवडाभर कामधंदा करून खेळणारी होती, तर समोर निवडक मुलांचा रोज सराव करणारा संघ होता. युनायटेडच्या वाटेवर लीड्झ, बरी, एव्हर्टन व बार्न्झली हे उत्तरेकडील क्लब आले आणि त्यांच्याविरुद्धच्या लढती खऱ्या अर्थाने कसाच्या होत्या. उपांत्य फेरीत लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबला त्यांनी दोन सामन्यांत हरविले.

अंतिम लढतीचा पहिला सामना मे १९५३ च्या पहिल्या आठवड्यात ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर झाला. ब्लॅकपूलने बोल्टनवर ४–३ असा विजय मिळविलेला व स्टॅन्ली मॅथ्यूज यांच्या नावाने ओळखला जाणारा एफ. ए. चषकाचा सुप्रसिद्ध अंतिम सामना त्याच सुमारास, २ मे रोजी झाला होता आणि वृत्तपत्रांचे रकाने त्याने भरले होते. असे असता केवळ कुमारांचा सामना पाहण्यासाठी सु. वीस हजार प्रेक्षक जमले. परगण्यांच्या स्पर्धेला जे साधले नव्हते, ते क्लबांच्या स्पर्धेने पहिल्याच वर्षी साधले. युनायटेडने हा सामना ७–१ असा जिंकल्याने निकालाविषयी फारसे कुतूहल उरले नाही. मोलिन्यूवरील दुसरा सामना २–२ असा बरोबरीत सुटला.

विजेत्या संघाची मांडणी त्या काळच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे दोन बॅक, तीन हाफ-बॅक व पाच फॉरवर्ड अशी होती. गॉर्डन क्लेटन हा गोलरक्षक. ब्राइस फुल्टन व पॅडी केनेडी हे बॅक. एडी कोलमन, रॉनी कोप व डंकन एडवर्ड्‌स हे हाफ-बॅक. नोएल मॅक्‌फार्लेन, लिअम व्हेलन, एडी ल्यूइस, डेव्हिड पेग व अॅल्बर्ट स्कॅन्लन हे फॉरवर्ड. बदली खेळाडू घेण्याची मुभा त्या वेळी नव्हती. व्हेलन हा संघात अगदी अखेरीस दाखल झाला. जॉन डोहर्टी हा नेहमीचा फॉरवर्ड जायबंदी झाल्याने त्याच्या जागी खेळाडू शोधण्याची वेळ आली, तेव्हा डब्लिनमधील होम फार्म या मुलांच्या क्लबातून व्हेलनला आणण्यात आले. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यातच त्याने गोल केला. एका मुलाची दुखापत दुसऱ्याच्या आयुष्याला असे वळण देऊन गेली.

या संघातील एडवर्ड्‌सने वरिष्ठ संघातून पदार्पण केले होते ते महिनाभर आधीच. ४ एप्रिल १९५३ रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध तो लीगच्या सामन्यात खेळला, तेव्हा त्याचे वय सोळा वर्षे सहा महिने होते. हा सामना युनायटेडने ४–१ असा गमावला. पेगही त्या हिवाळ्यात वरिष्ठ संघातून खेळून गेला होता. वरिष्ठांबरोबर खेळलेल्या मुलाने पुन्हा कुमारांत खेळावे की नाही, याविषयी नियमांत आडकाठी नव्हती. पुढे १९५५ मध्ये या प्रश्नाने उचल खाल्ली. एडवर्ड्‌स त्या वर्षी २ एप्रिलला स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला आणि त्याच महिन्यात कुमारांच्या अंतिम लढतीतही उतरला. त्याच्या बलदंड शरीरापुढे समवयस्क मुलांचा निभाव लागणे कठीण आहे, अशी टीका झाली. बझ्बी यांचे म्हणणे असे, की वयाने तो कुमारच आहे आणि आपल्या सोबत्यांबरोबर खेळण्याचा त्याला हक्क आहे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. स्पर्धा जिंकण्यासाठी असते की शिकण्यासाठी, याचा निर्णय कुमार फुटबॉलमध्ये आजतागायत झालेला नाही.

वयाच्या नियमाची आणखी एक बाजू लक्षात घेण्यासारखी आहे. हंगामाच्या प्रारंभी, सप्टेंबरच्या आरंभी, ज्याला अठरा वर्षे पूर्ण झालेली नसत तो त्या हंगामात खेळण्यास पात्र ठरे. त्यामुळे शरद ऋतूत जन्मलेल्या मुलाला जवळजवळ पूर्ण वर्षाचा फायदा मिळे. पेगचा जन्म सप्टेंबरमधील, एडवर्ड्‌सचा ऑक्टोबरमधील, कोलमनचा नोव्हेंबरमधील. नंतरच्या संघातील बॉबी चार्ल्टनचाही ऑक्टोबरमधील. शालेय वर्षही सप्टेंबरातच सुरू होत असल्याने ही मुले आपापल्या वर्गात वयाने थोरली असत. चार नावांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, परंतु वर्षाच्या प्रारंभी जन्मलेली मुले निवडीत पुढे राहतात, ही गोष्ट पुढील काळातील अनेक पाहण्यांत आढळून आली आहे. गुणवत्ता म्हणून जे हेरले जाते, त्यात काही वाटा केवळ चारसहा महिन्यांच्या अधिक वाढीचा असतो.

अकरांची वाटचाल : कुमार संघाचे यश वरिष्ठ फुटबॉलमध्ये कितपत उतरते, याचा पडताळा घेण्यास हा संघ फार उपयुक्त आहे. अकरांपैकी सहा जणांनी – एडवर्ड्‌स, कोलमन, पेग, व्हेलन, स्कॅन्लन व कोप – युनायटेडच्या वरिष्ठ संघात दीर्घकाळ स्थान टिकविले. हे प्रमाण असाधारण म्हणावे लागेल. एरवी एखाद्या कुमार संघातून दोघे वर आले, तरी ते वर्ष फलदायी मानतात. उरलेल्या पाचांची कथा त्या मानाने क्वचितच सांगितली जाते. ल्यूइस वरिष्ठ संघातून चोवीस सामने खेळला व नंतर प्रेस्टन, वेस्ट हॅम, लेटन ओरिएंट इ. क्लबांकडे गेला. क्लेटनला दोन सामने मिळाले. केनेडी व मॅक्‌फार्लेन यांना प्रत्येकी एकच सामना मिळाला. फुल्टनला तोही मिळाला नाही. त्याने पुढे प्लिमथ आर्गाइल क्लबकडून खेळून आपली कारकीर्द घडविली. जगातील एका उत्कृष्ट कुमार संघाच्या बॅकला स्वतःच्या क्लबात एकदाही संधी मिळू नये, यातून त्या निवडीची कठोरता स्पष्ट होते.

वर आलेल्यांनी १९५५–५६ व १९५६–५७ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. १९५६ च्या विजेत्या संघात १९५२ च्या संघापैकी केवळ रॉजर बर्न व जॉनी बेरी हे दोघेच उरले होते आणि संघाचे सरासरी वय सु. बावीस वर्षे होते. मँचेस्टरच्या वृत्तपत्रांनी या मुलांना ‘बझ्बी बेब्ज’ म्हणजे बझ्बीची बाळे असे नाव दिले; खुद्द बझ्बी यांना ते आवडत नसे. सारेच खेळाडू घरचे होते, असे मात्र नव्हे. बेरी विकत घेतलेला होता, तसेच सेंटर फॉरवर्ड टॉमी टेलर यालाही मार्च १९५३ मध्ये बार्न्झलीकडून २९,९९९ पौंडांना घेतले होते. तीस हजारांचा खेळाडू असा शिक्का त्याच्यावर बसू नये म्हणून एक पौंड कमी करण्यात आला. व्हेलनने १९५६–५७ मध्ये लीगमध्ये सव्वीस गोल केले. १९ मे १९५७ रोजी डब्लिन येथे इंग्लंड व आयर्लंड यांच्यात झालेल्या सामन्यात तो आयर्लंडकडून आणि एडवर्ड्‌स व पेग हे इंग्लंडकडून खेळले. पेगचा तो एकमेव आंतरराष्ट्रीय सामना होय.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून परतणारे या संघाचे विमान इंधनासाठी म्यूनिक येथे उतरले. धावपट्टीवर साचलेल्या बर्फाच्या चिखलामुळे दोनदा उड्डाण थांबवावे लागले व तिसऱ्या प्रयत्नात विमान कोसळले. या अपघातात एकूण तेवीस जण मृत्यू पावले. त्यांतील आठ खेळाडूंपैकी चार १९५३ च्या कुमार संघातील होते. कोलमन, पेग व व्हेलन हे जागीच मरण पावले. एडवर्ड्‌स पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून २१ फेब्रुवारीला रुग्णालयात वारला. कोलमन व एडवर्ड्‌स यांचे वय एकवीस, पेग व व्हेलन यांचे बावीस होते. कुमार संघ उभारणारे क्रिकमर व व्हॅली हेही दगावले. बझ्बी गंभीर जखमी झाले. स्कॅन्लनच्या कवटीस व पायास इजा झाली, तरी तो १९५८–५९ च्या हंगामात पुन्हा नियमितपणे खेळला. मर्फी वेल्सच्या राष्ट्रीय संघाच्या सामन्यासाठी कार्डिफला असल्यामुळे विमानात नव्हते.

अपघातानंतर अवघ्या तेरा दिवसांनी युनायटेडला एफ. ए. चषकाचा सामना खेळावा लागला. संघ कोणता असेल हे छापतेवेळी ठाऊक नसल्याने कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्या सोडण्यात आल्या होत्या. मर्फी यांनी दोन खेळाडू घाईने विकत घेतले व उरलेला संघ मुख्यतः राखीव व कुमार खेळाडूंतून जमविला. मध्यभागी १९५३ च्या संघातील कोप होता. १९५५ च्या कुमार विजेत्या संघातील शे ब्रेनन याने दोन गोल केले, १९५६ व १९५७ च्या संघांतील अॅलेक्स डॉसन याने तिसरा. शेफील्ड वेन्झडेचा ३–० असा पराभव झाला. तो संघ त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत पोहोचला व तेथे बोल्टनकडून हरला. क्लब टिकून राहिला याचे एक साधे, व्यावहारिक कारण असे, की कुमार फुटबॉलची फळी मागे तयार होती.

नंतरचा काळ : युनायटेडने १९५३ ते १९५७ अशी पहिली पाचही वर्षे हा चषक जिंकला. १९५४ मध्ये वुल्व्जशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा एकूण ५–४ असा निसटता विजय मिळाला. १९५६ च्या अंतिम लढतीत चेस्टरफील्डसारख्या लहान क्लबने ४–३ पर्यंत झुंज दिली; त्या संघाचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स हा दहा वर्षांनी विश्वचषकविजेत्या इंग्लंडच्या संघात होता व विरुद्ध बाजूस खेळलेला बॉबी चार्ल्टन (१९३७–२०२३) त्याचा सहकारी झाला. १९५८ मध्ये उपांत्य फेरीत वुल्व्जनेच ही मालिका खंडित केली. अंतिम लढतीत वुल्व्ज संघ चेल्सीविरुद्ध पहिला सामना १–५ असा हरला आणि दुसरा ६–१ असा जिंकून एका गोलाच्या फरकाने विजेता ठरला.

१९६४ मध्ये जॉर्ज बेस्ट, डेव्हिड सॅड्लर व जॉन अॅस्टन यांच्या संघाने चषक जिंकला. हे तिघे, तसेच जुन्या पिढीतील चार्ल्टन व ब्रेनन, हे १९६८ मध्ये युरोपीय चषक जिंकणाऱ्या संघात होते. १९९२ मधील विजेत्या संघातून रायन गिग्ज, डेव्हिड बेकम, निकी बट व गॅरी नेव्हिल पुढे आले. त्यांची तुलना १९५३ च्या मुलांशी वारंवार केली जाते व ती बरीचशी सार्थ आहे. मात्र केवळ चषक जिंकल्याने मार्ग खुला होतोच, असे नाही. चेल्सीने २०१४ ते २०१८ अशी लागोपाठ पाच वर्षे स्पर्धा जिंकून युनायटेडच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी केली, परंतु श्रीमंत मालकाच्या या क्लबला तयार खेळाडू विकत घेणे अधिक सोईचे वाटत राहिले आणि बहुतेक मुले अन्य क्लबांकडे उसनवारीने खेळत राहिली. २०१९ मध्ये क्लबवर नवे खेळाडू घेण्याची बंदी आली, तेव्हा कोठे मेसन माउंट, टॅमी एब्रहम, रीस जेम्स यांसारख्या घरच्या खेळाडूंना वरिष्ठ संघात नियमित जागा मिळाली. बझ्बी यांच्या वेळी वेतनमर्यादेने व हस्तांतराच्या वाढत्या रकमांनी जे घडवून आणले, ते येथे शिक्षेने घडविले.

१९९७ मध्ये असोसिएशनने कुमार प्रशिक्षणाची पुनर्रचना करून क्लबांच्या अकादमींची योजना आखली आणि तदनंतर अकादमींच्या संघांची स्वतंत्र साखळी स्पर्धा अस्तित्वात आली. २०१२ मध्ये तिचीही फेररचना झाली. साखळी सामन्यांत मुलांचा नियमित सराव होतो, परंतु ते बहुधा सरावाच्या मैदानांवर व मोजक्या प्रेक्षकांपुढे होतात. मोठे मैदान, तिकीट काढून आलेला प्रेक्षक व हरल्यास स्पर्धेबाहेर जाण्याची धास्ती यांचा अनुभव मुलांना मुख्यत्वे जुन्या चषक स्पर्धेतच मिळतो. अलीकडे अंतिम फेरी एकाच सामन्याची करण्यात आली आहे. २०२२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडने नॉटिंगॅम फॉरेस्टला ३–१ असे हरवून अकराव्यांदा चषक मिळविला, तेव्हा ६७,४९२ प्रेक्षक उपस्थित होते. हा स्पर्धेतील उपस्थितीचा उच्चांक होय.